चकोत्री कॅमेऱ्यात आली नाही, म्हणजे रानात नाही?

कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. त्यांच्या गटाने रीतसर परवानगी घेऊन राधानगरी परिसरातल्या रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये १२ ठिकाणी ३० दिवस ट्रॅप कॅमेरे (समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे) ठेवले. गवा, भेकर, साळिंदर, पिसोरी, राखी रानकोंबडा हे सगळे आले. चकोत्री, हा कोंबडीवर्गातला जमिनीवर राहणारा लाजरा पक्षी, एकदाही आली नाही. त्या विचारतात, "सर, अहवालात 'या पट्ट्यात चकोत्री आढळत नाही' असं लिहू का? आणि पुढच्या फेरीत काय बदलू?"

तसं लिहू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून कॅमेरे जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर, जीपच्या कच्च्या रस्त्याच्या आणि मळलेल्या पायवाटांच्या कडेला होते. एका ट्रिगरला एक फोटो आणि मग मिनिटभर विश्रांती, असं सेटिंग होतं. ही मांडणी वाघ-बिबट्यासाठीची आहे आणि त्या कामाला ती चोख आहे. मोठी मांजरं रस्त्यानेच चालतात. चकोत्री मात्र तशी चालत नाही. दाजीपूरच्या बाजूला माझ्यासोबत अनेक वर्षं रान तुडवलेले एक धनगर मामा मला सुरुवातीलाच म्हणाले होते, "कोंबडी वाटंनं चालत न्हाई सायेब, वाट वलांडती." त्या एका वाक्यात सर्वेक्षणाचा अर्धा आराखडा आहे. वाटेने चालणारा प्राणी कॅमेऱ्यासमोर कितीतरी सेकंद असतो. वाट ओलांडणारा पक्षी सेकंद-दीड सेकंदात पलीकडच्या कारवीत शिरलेला असतो. आणि ज्या जागेवरून तो ओलांडतो तिथेच तुमचा कॅमेरा असेल, हा निव्वळ योगायोग.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चकोत्री जगाच्या हिशोबात दुर्मिळ पक्षी नाही. तिची प्रजात, म्हणजे जवळच्या जातींचा गट, भारतीय उपखंडापुरती मर्यादित आहे. या प्रजातीत जातीच तीन: आपली लाल चकोत्री, कोरड्या खडकाळ टेकड्यांवर राहणारी चितकबरी चकोत्री, आणि श्रीलंकेतली तिसरी. सह्याद्रीच्या दाट रानात लाल चकोत्री ठिकठिकाणी आहे. दुर्मिळ आहे ते तिचं दिसणं. पण तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण खरोखर संपत आलेल्या पक्ष्यांच्या बाबतीतही नेमका हाच पेच पडतो: तो नाही, की आपल्याला दिसत नाही?

आता तुमच्या ३० दिवसांचा हिशोब. १२ कॅमेरे गुणिले ३० म्हणजे ३६० कॅमेरा-दिवस. एकही नोंद नसताना ढोबळ हिशोबासाठी एक सोपा नियम आहे: ३ ला एकूण प्रयत्नांनी भागायचं. ३ भागिले ३६० म्हणजे ०.००८३. याचा अर्थ इतकाच की त्या जागी, त्या उंचीवर, त्या सेटिंगने चकोत्री टिपली जाण्याचा दर १०० कॅमेरा-दिवसांना साधारण ०.८ पेक्षा जास्त नसावा, असं तुम्ही ९५ टक्के खात्रीने म्हणू शकता. (एकाच जागचे लागोपाठचे दिवस एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून प्रत्यक्षात खात्री याहून कमीच धरा.) लाजऱ्या जमिनीवरच्या पक्ष्याला याहूनही कमी दर मिळणं यात नवल काहीच नाही. म्हणजे तुमचं रिकामं कार्ड "चकोत्री आहे" या शक्यतेशी अगदी सुखाने नांदू शकतं.

दुसऱ्या बाजूने बघा. समजा तुमच्या १२ पैकी ४ ठिकाणी चकोत्री खरोखर वावरते आणि ती असलेल्या ठिकाणी एका दिवसात कॅमेऱ्यात येण्याची शक्यता १ टक्का आहे. एका ठिकाणी ३० दिवसांत ती एकदाही न येण्याची शक्यता ७४ टक्के निघते. चारही ठिकाणी न येण्याची शक्यता सुमारे ३० टक्के. दहापैकी तीन वेळा तुम्ही रिकाम्या हाताने परत याल, पक्षी तिथेच असताना! हीच रोजची शक्यता २ टक्क्यांवर नेली तर ती ३० टक्क्यांची चूक ९ टक्क्यांवर येते. म्हणून माझा भर कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा ही रोजची शक्यता वाढवण्यावर आहे. विद्यार्थ्यांकडे कॅमेरे मोजकेच असतात. मांडणी सुधारायला पैसे लागत नाहीत.

ती शक्यता कशावर ठरते हे समजायला कॅमेऱ्याचा सेन्सर समजून घ्यावा लागेल. ट्रॅप कॅमेरा हालचाल बघत नाही, तो उष्णतेतला फरक टिपतो. पुढच्या फुगीर पांढऱ्या भिंगामुळे समोरची जागा अदृश्य पट्ट्यांत विभागली जाते. पार्श्वभूमीपेक्षा गरम किंवा थंड असलेली वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की ट्रिगर होतो. गव्यासारखं धूड लांबूनही चुकत नाही. पक्ष्याचं मात्र अवघड असतं. त्याचं शरीर आतून ४० अंशांच्या आसपास गरम असलं तरी पिसांचा थर ती ऊब आतच धरून ठेवतो. बाहेरून पिसांचं तापमान जवळजवळ हवेइतकंच. उष्णता दाखवतात ते उघडे भाग: डोळ्याभोवतीची कातडी आणि पाय. त्यात मार्चच्या दुपारी पानगळीचा थर आणि कातळ इतका तापतो की पक्षी आणि जमीन यांतला फरकच पुसला जातो. राखी रानकोंबडा तुम्हाला मिळाला, कारण तो अंगाने मोठा आहे, मोकळ्या कडेला चरायला येतो आणि एका जागी रेंगाळतो. चकोत्री ३५ ते ३८ सेंटीमीटरची, झुडपाच्या आत राहणारी. रानकोंबडा मिळाला म्हणजे चकोत्रीही मिळायला हवी होती, हा तर्क इथेच मोडतो.

म्हणून उंची कमी करा. कॅमेऱ्याचा सेन्सर जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर येऊ द्या. ४५ सेंटीमीटरवरून सरळ पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्यासमोर दोन मीटरवरून चालणारा छोटा पक्षी सेन्सरच्या झोताखालून निघून जातो. ज्या रेषेवरून पक्षी जाण्याची अपेक्षा आहे ती रेषा कॅमेऱ्यापासून दोन ते तीन मीटरवर असावी. पाच-सहा मीटरवर नको. आणि पक्षी कॅमेऱ्याकडे सरळ चालत येण्यापेक्षा आडवा गेला पाहिजे, कारण आडवा गेला तरच तो सेन्सरचे पट्टे ओलांडतो. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवलंत तर उगवतीचं-मावळतीचं ऊन थेट भिंगात येणार नाही. समोरचं हलणारं गवत, लोंबणारी फांदी हातभर मागेपर्यंत काढा, पण झुडूप साफ करून अंगण करू नका. आडोसा गेला की पक्षी त्या जागेवरून फिरकत नाही.

लावून झाल्यावर आपण साधारण कॅमेऱ्यासमोर चालून बघतो. माणूस चालला की लाल दिवा लागतो आणि आपण समाधानाने निघतो. ही चाचणी पक्ष्यासाठी निरुपयोगी आहे. मी अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोमट पाणी भरतो, बाटलीला सुतळी बांधतो आणि बाजूला आडोशाला बसून ती पानांवरून आडवी ओढतो. कधी हळू, कधी झटक्याने. बाटलीवर फोटो येत नसेल तर चकोत्रीवरही येणार नाही. मग कोन बदलायचा, आणखी जवळ यायचं, पुन्हा ओढायची. एका कॅमेऱ्याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास पुढच्या दोन महिन्यांचं काम वाचवतो.

जागा निवडण्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खरं कसब तिथेच आहे. आधी कॅमेरे न घेता दोन-तीन दिवस फक्त चाला. कारवीच्या दाटीत, अंजनी-जांभळीच्या सावलीत पानगळ उकरलेली दिसेल. पायांनी मागे फेकलेल्या पानांचे अर्धगोल, खाली उघडी पडलेली ओली माती. भेकराने तुडवलेलं आणि कोंबडीवर्गातल्या पक्ष्याने उकरलेलं, यांतला फरक चार दिवसांत डोळ्यांना कळू लागतो. धुळीत लोळण्याच्या जागा शोधा. झाडाच्या मुळांशी, पावसाचं पाणी न पोचणाऱ्या कोरड्या मातीत वाटीएवढे खळगे असतात, त्यांत एखादं पीस सापडतं. उंबराखाली फळं पडू लागली की तिथे कोण कोण येतं ते बघा. एप्रिल-मेमध्ये ओढे तुटतात आणि मधेमधे डबकी उरतात. त्यांच्या कडेची झुडपं पाहिलीच पाहिजेत. पहाटे आणि संध्याकाळी थांबून ऐका. चकोत्रीचा खडखडाटी आवाज एकदा ओळखीचा झाला की ती दिसण्याआधी कानाला सापडते.

पण इथे एक खबरदारी घ्या. अशा हेरलेल्या जागांवर कॅमेरे लावले तर पक्षी आहे की नाही याचं उत्तर लवकर मिळतं. रानाच्या किती भागात तो आहे, हे मात्र त्यावरून काढता येत नाही, कारण तुम्ही मुद्दाम चांगल्याच जागा निवडल्यात. दोन प्रश्न असतील तर दोन मांडण्या हव्यात. मी असं सुचवेन: नकाशावर ५०० मीटर ते १ किलोमीटरच्या अंतराची जाळी टाका आणि त्यातल्या ८ बिंदूंवर कॅमेरे लावा. बिंदूपासून ३०-४० मीटरच्या आत सोयीची जागा शोधायची मुभा ठेवा, त्यापलीकडे नाही. उरलेले ४ कॅमेरे हेरलेल्या जागांवर. दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि विश्लेषणात कधीही एकत्र करू नका.

३० दिवसही कमी आहेत. किमान ६० दिवस ठेवा, जमलं तर ९०. त्याहून लांबवलंत तर ऋतू बदलतो, पक्ष्यांची जागा बदलते, आणि "या काळात ठिकाणाची स्थिती बदलली नाही" हे विश्लेषणाचं गृहीतकच डळमळतं. आपल्याकडे डिसेंबर ते मे हाच काळ घ्या. दाजीपूरच्या पावसात काम करायचा हट्ट मी दोन वर्षं केला. भिंगावर बुरशी, आवरणात मुंग्यांची वसाहत, धुक्यावरून परत येणाऱ्या, कॅमेऱ्याच्या रात्रीच्या इन्फ्रारेड प्रकाशाने पांढरे पडलेले फोटो, आणि कार्ड बदलायला जाताना प्रत्येक ओढ्याला पूर. हाती फारसं काही लागलं नाही.

सेटिंग थोडक्यात सांगतो. एका ट्रिगरला तीन फोटो, मधली विश्रांती शून्य. चकोत्री जोडीने किंवा तीन-चारच्या लहान टोळीने फिरते. पहिला पक्षी अर्धवट येतो आणि मागचा नीट येतो. मिनिटभराची विश्रांती ठेवली तर तो मागचा हुकतो. दोन-चार कॅमेऱ्यांवर १०-१५ सेकंदांचा व्हिडिओ ठेवा, चालीवरून ओळख पटायला मदत होते.

तारीख-वेळेबद्दल मात्र माझा स्वतःचा अनुभव सांगायलाच हवा. एका हंगामात मी तीन कॅमेऱ्यांवर सकाळ-संध्याकाळची उलटापालट केली होती. कार्ड उघडल्यावर रानकोंबड्या मध्यरात्री चरताना दिसल्या, भर दुपारी फोटो काळेपांढरे. त्या तीन कॅमेऱ्यांची वेळ नंतर दुरुस्त करता आली, कारण चूक नेमकी बारा तासांची होती. पण चौथ्या कॅमेऱ्याची बॅटरी मधेच सैल होऊन घड्याळ मूळ तारखेवर गेलं होतं आणि त्याच्या सगळ्या नोंदी मला वेळेच्या विश्लेषणातून काढाव्या लागल्या. तेव्हापासून प्रत्येक कॅमेऱ्याचा पहिला आणि शेवटचा फोटो पाटीचा असतो. पाटीवर बिंदूचा क्रमांक, तारीख आणि हातातल्या घड्याळातली वेळ खडूने लिहिलेली.

फोटो आल्यावरची अडचण वेगळीच. आपल्या सदाहरित रानात छत्र इतकं दाट असतं की सकाळी सात वाजताही कॅमेरा रात्र समजून इन्फ्रारेडवर जातो आणि फोटो काळापांढरा येतो. रंग गेला की रानकोंबडीची मादी आणि चकोत्री यांत नवख्याची फसगत होते. तुमच्या जुन्या कार्डांवर "रानकोंबडी मादी" म्हणून टाकलेले सगळे काळेपांढरे फोटो पुन्हा एकदा काढून बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रानकोंबडीच्या मादीच्या छातीवर पांढऱ्या पिसांना गडद किनार असते, खवल्यांसारखी. ती काळ्यापांढऱ्या फोटोतही उठून दिसते. चकोत्रीची छाती तशी पांढरी-खवलेदार नसते, आणि डोळ्याभोवती उघड्या कातडीचा ठळक भाग असतो. रंगीत फोटो असेल तर प्रश्नच नाही: चकोत्रीचे पाय आणि ती कातडी लाल, रानकोंबडीच्या मादीचे पाय पिवळे. दोन जणांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे ओळख लावावी आणि जिथे मतभेद असेल तो फोटो "अनिश्चित" या रकान्यात जावा. मनाला पटलेला फोटो रेटून "चकोत्री" करायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा.

एक उपाय कुठलाही नवा कॅमेरा न लावता करता येण्यासारखा आहे. आपल्या देशात वाघांच्या गणनेसाठी लागणाऱ्या कॅमेऱ्यांत इतर जीवांचे फोटो अमाप येतात. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो जमले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बाकीच्या कोट्यवधी फोटोंत भेकरं, गवे, गुरं, माणसं आणि पक्षीही आहेत. अशा कामांतल्या आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या नोंदी अभ्यासासाठी मिळतील का, हे वनविभागाकडे रीतसर अर्ज करून विचारा. तिथे चकोत्री मिळाली तर "आहे" म्हणायला तो फोटो पुरेसा. न मिळाली तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण तेही कॅमेरे वाघाच्या वाटेवरचे.

आणि माणसांना विचारा. हे मी शेवटचा उपाय म्हणून सांगत नाही, हा पहिला उपाय आहे. आंध्रातल्या कडप्पा भागातला जेर्डनचा धाविक १९०० नंतर कुणाला दिसला नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी गावोगाव त्याची चित्रं दाखवली आणि १९८६ साली एका स्थानिक माणसानेच तो पक्षी हाती आणून दिला. पुढे त्याच पक्ष्यासाठी झुडपांत मऊ मातीचे पट्टे तयार करून त्यांवरचे पायांचे ठसे वाचले गेले आणि जोडीला ट्रॅप कॅमेरे लावले गेले. पापुआ न्यू गिनीच्या फर्ग्युसन बेटावरचा काळ्या मानेचा फेजंट-पिजन १८८२ नंतर विज्ञानाला सापडला नव्हता. २०२२ मध्ये तिथे गेलेल्या चमूने महिनाभर शोध घेतला, पण योग्य डोंगरधार दाखवली ती एका स्थानिक शिकाऱ्याने. तिथल्या कॅमेऱ्यात पक्षी आला तो चमू बेट सोडण्याच्या बेतात असताना, अगदी शेवटच्या दिवसांत. परतीच्या तारखेचं दडपण तुम्हालाही आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उलट उदाहरणही हवं. व्हिएतनामच्या रानांतल्या एडवर्ड्सच्या फेजंटची २००० नंतर रानातून खात्रीशीर नोंद नाही. तिथे कॅमेरे लागले, पुन्हा लागले, पक्षी आला नाही. पिंजऱ्यांत तो जिवंत आहे. रानात काय स्थिती आहे याची भीती सगळ्या अभ्यासकांना आहे, तारांचे फास त्या रानांत सगळीकडे आहेत. इतकं होऊनही त्याला नामशेष जाहीर केलेलं नाही. एका जातीबद्दल "नाही" हा शब्द लिहायला जग इतकं थांबतं. आपण ३६० कॅमेरा-दिवसांवर तो लिहायचा?

फासांवरून आठवलं. कार्ड तपासताना कुत्री, मांजरं, गावातल्या कोंबड्या, फास लावणारी माणसं दिसतील. कुत्र्या-मांजरांची नोंद ठेवा. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांसाठी ती माहिती चकोत्रीच्या फोटोइतकीच मोलाची आहे. फास दिसला तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. सरपण नेणाऱ्या बायाबापड्यांचे फोटो मात्र कुणालाही न दाखवता काढून टाका, त्या आपल्या अभ्यासाचा विषय नाहीत. ज्या वाडीजवळ कॅमेरे लावणार तिथे आधी जाऊन सांगा. माझे कॅमेरे चोरीला गेले ते फक्त न सांगता लावलेल्या ठिकाणचे. घरट्यावर कॅमेरा लावू नका. चकोत्री जानेवारी ते जूनच्या दरम्यान केव्हाही अंड्यांवर असू शकते, तेव्हा जागा हेरतानाच पायाखाली बघून चाला. आणि चकोत्री सापडलीच तर नेमका बिंदू समाजमाध्यमांवर टाकू नका, तालुका पुरेसा आहे.

अहवालात काय लिहायचं ते आता सांगतो. "१२ ठिकाणी, रस्ते व पायवाटांच्या कडेला, ४५ सेंटीमीटर उंचीवर, एकूण ३६० कॅमेरा-दिवसांत चकोत्रीची नोंद झाली नाही. ही मांडणी मोठ्या सस्तन प्राण्यांसाठीची असल्याने त्यावरून चकोत्रीच्या अस्तित्वाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही." इतकंच. परीक्षक विचारतील की मग मिळालं काय. त्यांना रानकोंबड्याच्या नोंदी ठिकाणानुसार आणि वेळेनुसार मांडून दाखवा. अर्ध्या तासाच्या आतले फोटो एकच घटना धरा, नाहीतर एकाच जागी चरणारा एक कोंबडा तुम्हाला चाळीस नोंदी देईल. पुढच्या फेरीत चकोत्री आली तर दिवसानुसार आली-नाही आली असा तक्ता भरा, १ आणि ० चा. ऑक्युपन्सीच्या पद्धतीत याच तक्त्यावरून पक्षी असण्याची आणि तो असताना दिसण्याची शक्यता वेगवेगळी काढता येते. २००२ पासून ही पद्धत रुळली आहे आणि तुमच्या विभागात संख्याशास्त्र शिकवणारे कुणी असतील तर दोन दुपारींत ती समजून घेता येईल.

परवानगीची मुदत अजून बाकी आहे असं तुम्ही लिहिलंय. तर येत्या रविवारी नवे बिंदू ठरवायच्या आधी दोनच कॅमेरे घ्या. जिथे तुम्हाला ओढ्याकाठी उकरलेली पानं दिसली होती, तिथे वीत-सव्वा वीत उंचीवर ते बांधा आणि कोमट पाण्याची बाटली ओढून बघा. किती अंतरापर्यंत फोटो येतो, सकाळी आणि दुपारी त्यात किती फरक पडतो, ते वहीत मांडा आणि मला पाठवा. जाळीतली अंतरं आपण त्यावरून ठरवू.